आठवतंय म्हणजे क्षमा केलीच नाही का? एका ताईंचं पत्र आणि 'अफिएमी'

पत्र थोडक्यात असं: पत्र लिहिणाऱ्या ताई चाळिशीतल्या आहेत, माहेर नगर जिल्ह्यातलं, राहायला पुण्यात, घर दोन्हीकडचं ख्रिस्ती. वडील गेल्यावर मोठ्या भावाने "वारस नोंदीला तुझी सही लागते" म्हणून त्यांना सब-रजिस्ट्रार ऑफिसला नेलं. फोटो, अंगठा, सही, सगळं घाईघाईत उरकलं, कागद वाचायला मिळालाच नाही. गेल्या नाताळात सहज ऑनलाइन सातबारा काढला तर त्यावर त्यांचं नावच नाही. चौकशी केल्यावर कळलं की सही केली होती ती हक्कसोडपत्रावर, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर. भाऊ मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीत आहे, आई अंथरुणाला खिळलेली आणि भावाकडेच असते. पाळकसाहेबांनी एका रविवारी उपासनेत दोघांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर "क्षमा केली" म्हणून मिठी मारायला सांगितलं. ताई जागेवरून उठल्या नाहीत. तेव्हापासून नातेवाईक बोलत नाहीत, आणि "मनात राग ठेवून प्रभुभोजन घेऊ नको" असा निरोपही आला. त्यात एका झूमवरच्या बायबल क्लासमध्ये सांगितलं गेलं की क्षमेसाठी ग्रीकमध्ये 'अफिएमी' हे क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ दूर पाठवून देणं, म्हणून ज्याला अजून आठवतंय त्याने क्षमा केलेलीच नाही, आणि जो क्षमा करत नाही त्याला देवाची क्षमा नाही. ताई विचारतात: "मी रोज क्षमा केली म्हणते आणि रोज आठवतं. मग माझं तारण गेलं का? यजमान कोर्टात जा म्हणतात, मावशी म्हणते कोर्टात गेलीस तर ख्रिस्ती कसली. सही तर केलीच आहे, सोडूनच दिलंय असं समजू का? आणि आईला यातलं सांगू का?"

ताई,

सगळ्यात आधी हे सांगते, म्हणजे बाकीचं जरा मोकळ्या मनाने वाचता येईल: त्या रविवारी तुम्ही उठला नाहीत यात काही पाप झालेलं नाही. जी गोष्ट तुमच्या मनात झालेली नव्हती ती शंभर माणसांसमोर झाली असं दाखवायला तुम्ही नकार दिलात, आणि मला ते खरेपणाचं वाटतं.

आता त्या क्लासमध्ये जे सांगितलं त्याबद्दल. मी नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागाचं, ग्रीक बरीच वर्षं शिकते आणि थोडंफार शिकवते, त्यामुळे हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण अर्धी गोष्ट बरोबर सांगून त्यातून भलताच निष्कर्ष काढलाय. अफिएमी हे 'अपो' म्हणजे पासून, दूर आणि 'हिएमी' म्हणजे पाठवणे, सोडणे यांच्यापासून झालंय हे बरोबर. पण शब्दाची फोड म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे, माणसं तो शब्द कुठे कसा वापरतात त्यावरून अर्थ कळतो, आणि हे क्रियापद नव्या करारात शंभराहून जास्त वेळा येतं, त्यातला बराच भाग क्षमेबद्दल नाहीच. पेत्र आणि अंद्रियाने जाळी सोडली आणि ते येशूच्या मागे गेले (मत्तय 4:20), तिथे अफिएमी. पेत्राच्या सासूचा ताप तिला सोडून गेला (मार्क 1:31), तिथे अफिएमी. बाळकांना माझ्याकडे येऊ द्या, त्यांना अडवू नका, तिथल्या 'येऊ द्या'मध्ये अफिएमी. मेलेला लाजर जिवंत होऊन कबरेतून बाहेर आला, हातपाय कापडाने बांधलेले, तेव्हा येशू म्हणतो ह्याला मोकळं करा आणि जाऊ द्या, त्या 'जाऊ द्या'मध्येही तेच. वधस्तंभावर येशूने प्राण सोडला (मत्तय 27:50), तिथेही तेच. आणि येशूला अटक झाली तेव्हा गेथशेमाने बागेत सगळे शिष्य त्याला सोडून पळाले, तिथे सुद्धा.

आता सांगा, यातल्या कुठल्या वाक्यात 'विसरणं' बसतं? पेत्राने जाळी सोडली म्हणजे जाळी होती हे तो विसरला का? योहानाच्या एकविसाव्या अध्यायात तोच म्हणतो ना, मी मासे धरायला जातो. सोडलं म्हणजे हातातून सोडलं, मोकळं केलं, जाऊ दिलं. मराठीत आपण सोडणे हे क्रियापद जितक्या ठिकाणी वापरतो, जाळी सोडली, प्राण सोडला, साथ सोडली, कर्ज सोडलं, जवळजवळ तितक्याच ठिकाणी ते ग्रीक वापरतात, त्यामुळे आपल्याला ते समजायला खरं तर सोपं आहे.

मग हे 'विसरा' आलं कुठून? माझ्या मते यिर्मया 31:34 वरून, तिथे देव म्हणतो की त्यांचं पाप मी यापुढे स्मरणार नाही, आणि इब्री लोकांस पत्रात ते वचन परत दोनदा येतं. पण तिथे क्रियापद वेगळं आहे, आठवण ठेवण्याचं. आणि बायबलमध्ये देवाने 'स्मरण केलं' याचा अर्थ त्याला अचानक काहीतरी आठवलं असा नसतो. देवाने नोहाचं स्मरण केलं आणि पाणी ओसरू लागलं, राहेलीचं स्मरण केलं आणि तिला मूल झालं. स्मरण करणं म्हणजे त्या गोष्टीवरून पाऊल उचलणं. तेव्हा पाप स्मरणार नाही म्हणजे त्या पापावरून तुमच्याविरुद्ध हालचाल करणार नाही. सर्वज्ञ देवाची स्मृती पुसली जाते असं तिथे कुणी म्हणत नाहीये. जे देवालाही लागू नाही ते तुमच्यावर का लादायचं, आणि तेही अशा गोष्टीबद्दल जी तुम्हाला प्रत्येक वेळी माहेरच्या रस्त्याला लागलं की समोर दिसते?

मला या बाबतीत योहानाचा विसावा अध्याय फार महत्त्वाचा वाटतो. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी, शिष्य घाबरून दारं बंद करून बसलेले, येशू आत येतो, "तुम्हांस शांती असो" म्हणतो आणि पहिलं काय करतो तर हात आणि कूस दाखवतो. खिळ्यांचे व्रण. ती जखम झालीच नाही असं तो दाखवत नाही, आणि ज्यांना दाखवतो ते कोण, तर तीनच दिवसांपूर्वी त्याला टाकून पळालेले लोक. आणि त्याच भेटीत, तीनच वचनं पुढे, म्हणतो की ज्या कुणाच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा होईल, तिथे अफिएमी आहे. म्हणजे क्षमेचा अधिकार दिला जातोय आणि व्रण उघडे आहेत, एकाच खोलीत. आठ दिवसांनी थोमाला बोट घालून बघ म्हणतो तेव्हाही ते तसेच आहेत. ताई, तुम्हाला आठवतं हे तुमच्या क्षमेच्या आड येत नाही.

बरं, पापांच्या क्षमेच्या त्याच वचनात अफिएमीच्या उलट कुठलं क्रियापद आहे माहीत आहे? 'क्रातेओ'. धरून ठेवणं, घट्ट पकडणं. आणि हेच क्रियापद मत्तय अठराव्या अध्यायात त्या निर्दय दासाच्या गोष्टीत येतं. त्या गोष्टीवर जरा थांबते, कारण तुम्हाला तीच ऐकवली गेली असणार. भावाला कितीदा क्षमा करायची असं पेत्राने विचारल्यावर येशू म्हणतो "सातदा नाही, सत्तर वेळा सात", आणि लगेच ही गोष्ट सांगतो.

गोष्टीची सुरुवात बघा. राजाला आपल्या दासांचा हिशेब घ्यायचा होता. पहिलं काम हिशेब. एकाला आणलं, तो दहा हजार टॅलेंटचा देणेकरी. एक टॅलेंट म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी (द्राक्षमळ्याच्या गोष्टीत तेवढीच ठरलेली आहे), म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, जी कुणाच्याच्याने फिटायची नाही. राजाला त्याचा कळवळा आला आणि त्याने ते कर्ज सोडलं, इथे अफिएमी. तो दास बाहेर पडतो आणि त्याला त्याचे शंभर दिनार देणं लागणारा सोबती भेटतो, आणि मत्तय लिहितो की त्याने त्याला धरलं आणि त्याचा गळा दाबू लागला. हे धरणं म्हणजे क्रातेओ. एका बाजूला सोडणारा हात आणि दुसऱ्या बाजूला गळ्यावरचा हात.

इथे दोन गोष्टी आपल्याकडे सांगायच्या राहून जातात. एक म्हणजे शंभर दिनार काही किरकोळ नाहीत, तीन महिन्यांहून जास्त मजुरी आहे, रोज कमावून रोज खाणाऱ्या माणसासाठी मोठी रक्कम. येशू "तुझं कसलं आलंय नुकसान" असं म्हणतच नाही, रकमेचा आकडा सांगतो. दुसरं, राजाने आधी आकडा मोजला आणि मग सोडला. मोजल्याशिवाय सोडता येत नाही. तुमच्याकडून मात्र सगळे जण न मोजताच सोडून घ्यायला बघतायत, म्हणजे काय झालं ते बोलू नको, किती गेलं ते विचारू नको, फक्त "सोडलं" म्हण. ताई, ती अफिएमी नाही, तो विषय दाबणं आहे.

आणि म्हणूनच तुमचं ते वाक्य, "सही तर केलीच आहे, सोडूनच दिलंय असं समजू का", हे मला पत्रातलं सगळ्यात जास्त लागलं. नाही, समजू नका. हक्कसोडपत्रावर 'सोड' लिहिलंय म्हणून ते सोडणं होत नाही. सोडणारा तोच ज्याला आपल्या हातात काय आहे ते माहीत आहे आणि जो स्वतःच्या मर्जीने हात उघडतो. न वाचू देता, खोटं सांगून घेतलेली सही म्हणजे तुमच्या हातातून काढून घेणं झालं. ज्याने काढून घेतलं तो नंतर "ताईने सोडलं" म्हणू शकत नाही, आणि मंडळीनेही म्हणू नये.

या क्रियापदाचं नाम आहे 'अफेसिस'. जुन्या कराराचं जे प्राचीन ग्रीक भाषांतर आहे, जे नव्या कराराचे लेखक वापरत होते, त्यात अनुवाद 15 मध्ये दर सातव्या वर्षी कर्ज सोडायचा नियम आहे, तिथे हाच शब्द येतो. आणि लेवीय 25 मध्ये पन्नासावं वर्ष, योबेल, त्यालाही अफेसिसचं वर्ष म्हटलंय. त्या वर्षी काय व्हायचं? ज्याची वडिलार्जित जमीन हातची गेली असेल त्याला ती परत मिळायची! म्हणजे ज्या शब्दाच्या नावावर तुम्हाला जमिनीबद्दल गप्प बसायला सांगतायत त्याच शब्दाच्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत जायची. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा ग्रंथ उघडून बंदिवानांना सुटका असं वाचलं (लूक 4:18) तिथेही अफेसिसच आहे. हा शब्द अडकलेल्याला मोकळं करण्याचा आहे.

आपल्या मराठी बायबलमध्ये हे बरंच टिकलंय खरं तर. प्रभूची प्रार्थना लहानपणी पाठ केलीत ना, मत्तयातली, त्यात "आमची ऋणे आम्हांला सोड" आहे, कारण मूळातही ऋणच आहे. आपण ते इतक्या वेळा म्हणतो की ऋण हा शब्द कानावरून निघून जातो. एक सुचवते, क्लास कितीही चांगला असला तरी स्वतः वचन उघडून मागचं-पुढचं वाचत जा. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, 1922 साली जाईपर्यंत त्या त्याच कामात होत्या, आणि त्यांच्या तिथल्या मुक्ती आश्रमातल्या बायकांनीच छापखान्यात खिळे जुळवले. हा सगळा खटाटोप साध्या बाईला स्वतः वाचून समजावं म्हणून होता.

आता अवघड भाग, तो मी टाळणार नाही. त्या निर्दय दासाच्या गोष्टीचा शेवट कडक आहे, राजा त्याला शिक्षेसाठी हवाली करतो, आणि मत्तय 6:15 पण आहे, तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही करणार नाही. हे वचन आहे आणि ते हलकं करून सांगायचा मला अधिकार नाही. भावाच्या गळ्यावर हात ठेवून आयुष्य काढायचं, त्याचं वाटोळं झालेलं बघायची वाट बघायची, त्याच्या मुलांशीही बोलायचं नाही, असं जर ठरवून टाकलं असेल तर तिकडे हे वचन बोट दाखवतं. पण तुमच्या पत्रात मला ते दिसत नाही. रोज क्षमा केली म्हणता आणि रोज आठवतं, म्हणजे तुम्ही रोज सोडताय. प्रार्थनेच्या त्या ओळीत मत्तयाच्या महत्त्वाच्या जुन्या हस्तलिखितांत क्रियापद 'सोडलं आहे' अशा रूपात आहे, आणि लूकमध्ये (11:4) तीच ओळ चालू काळात आहे, 'आम्हीही सोडतो', करत राहतो तसं. दोन्ही बायबलमध्येच आहेत. एकदा निर्णय होतो आणि मग तो कितीदा तरी पुन्हा करावा लागतो. पेत्राला जे सत्तर वेळा सात सांगितलं ते भावाने केलेल्या अनेक अपराधांबद्दल आहे हे खरं, पण एकाच मोठ्या जखमेसाठीही तितक्यांदा सोडावं लागतं हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. तुमचं तारण गेलेलं नाही ताई. ज्याला दहा हजार टॅलेंट सोडलेत त्याने ते स्वतः फेडून मिळवलेले नव्हते, तुमच्याही बाबतीत तेच.

आणि एखाद्या दिवशी "मी सोडलं" हे तोंडातून निघतच नसेल तर लूक 23:34 बघा. काही जुन्या हस्तलिखितांत ही ओळ नाही, पण मंडळीने ती फार पूर्वीपासून जपली आहे. वधस्तंभावरून येशू सैनिकांना थेट "मी तुम्हांला क्षमा केली" म्हणत नाही, तो पित्याकडे मागतो, हे बापा, त्यांची क्षमा कर. त्या दिवशी तुम्हीही तेवढंच म्हणा, बापा, माझ्याने होत नाही, तू सोड. ती पण प्रार्थनाच आहे.

मग समेटाचं काय? इथे दोन वचनं वेगळी ठेवा, सगळा घोळ ती एकत्र केल्यामुळे होतो. मार्क 11:25, प्रार्थनेला उभं राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर सोडा. हे तुमच्या आणि देवाच्या मधलं, त्याला भावाची गरज नाही, तो समोर नसला तरी चालतं. आणि लूक 17:3, तुझ्या भावाने अपराध केला तर त्याचा निषेध कर, आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. हे दोघांमधलं, आणि त्यात आधी निषेध आहे, मग पश्चात्ताप. पहिलं तुम्ही एकटीने करू शकता. दुसरं भाऊ पुढे आल्याशिवाय होऊच शकत नाही, तुम्ही कितीही घट्ट मिठी मारली तरी.

पाळकसाहेबांना कुणीतरी हे आदराने दाखवायला हवं की सत्तर वेळा सातच्या लगेच आधी, त्याच अठराव्या अध्यायात, पायऱ्या दिल्यात: आधी एकांतात जाऊन त्याचा अपराध त्याला दाखव, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. इथे पहिल्या दोन पायऱ्या गाळून एकदम सगळ्यांसमोर मिठी मारायला सांगितलं. आणि प्रभुभोजनावरून तुम्हाला जो निरोप आला त्याबद्दल मत्तय 5:23-24 उघडा. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव (हे 'ठेव' म्हणजे पण अफिएमीच आहे बरं का) आणि आधी जाऊन समेट कर. हे कुणाला सांगितलंय? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. ज्याने दुखावलंय त्याने उठून जायचंय. म्हणजे थांबायचंच असेल तर या प्रकरणात आधी तुमच्या भावाने थांबायला हवं. तुम्ही प्रभुभोजन घ्या. रडत घेतलं तरी चालेल.

मावशींचा मुद्दा 1 करिंथ 6 वरून आलाय, भावाने भावावर फिर्याद करू नये, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही. वचन आहे, आणि मी ते हलक्यात घेत नाही. पण पूर्ण वाचा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे मंडळीला लाज आणतो की भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, आणि थोडं पुढे फसवणाऱ्यांना धरतो, तुम्ही अन्याय करता, लुबाडता, आणि तेही भावांना. ज्या मंडळीने निवाडा करायचा तिने केलाच नाही आणि ते ओझंही लुबाडल्या गेलेल्या बहिणीवर टाकलं, तर पौलाचं अर्धंच ऐकलं असं होतं. आणि स्वतःवर अन्याय होतोय दिसल्यावर पौलानेही कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली होती. (प्रेषितांची कृत्ये 25)

तेव्हा मी यजमानांसारखं "लगेच केस टाक" म्हणणार नाही आणि मावशींसारखं "विषय सोड" पण म्हणणार नाही. मी असं करा म्हणेन.

एक वही घ्या आणि हिशेब लिहा. जमीन किती, कुठला गट नंबर, फेरफार कधी झाला, हक्कसोडपत्राची नक्कल सब-रजिस्ट्रार ऑफिसमधून काढा. आणि त्याच वहीत दुसऱ्या पानावर बाकीचं लिहा, विश्वास गेला, दिवाळी-नाताळला हक्काने जायचं घर गेलं, आईला भेटताना चोरासारखं वाटतं. हे दोन हिशेब वेगळे आहेत आणि वेगळ्या वेळी सोडवले जातील. जमीन मिळूनही दुसरा राहू शकतो, आणि जमीन न मिळताही दुसरा सुटू शकतो.

मग भावाला एकट्याने भेटा, फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको. फार बोलू नका. "दादा, तू मला वारस नोंद सांगितलीस आणि हक्कसोडपत्रावर सही घेतलीस. मला हे माहीत आहे. मी तुझं वाईट चिंतत नाही. तू हे कसं नीट करणार आहेस ते मला ऐकायचंय." एवढं बोलून गप्प बसा. तो ओरडला, रडला, वडिलांचं दुखणं आणि खर्च काढला तरी ऐकून घ्या, त्यातही काही खरं असू शकतं, त्याने खरंच खर्च केला असेल तर तो हिशेबात धरायला हवा, पण उत्तर तिथल्या तिथे देऊ नका. पश्चात्ताप म्हणजे काय याचा नमुना येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने घालून दिलाय, अन्यायाने घेतलेलं चौपट परत करतो म्हणाला. मी चौपट मागा म्हणत नाही, पण नुसतं "चुकलं असेल तर माफ कर" हे त्यात बसत नाही. नाही ऐकलं तर दोन माणसं घेऊन जा, दोघांनाही मान देणारी, एक तरी मंडळीतलं आणि एक बाई असलेली बरी.

आणि हे चालू असताना वकिलाला भेटाच. भेटणं म्हणजे केस टाकणं नव्हे. आपल्याकडे ख्रिस्ती माणसाच्या वारसाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांमध्ये सारखं, मुलगा-मुलगी फरक नाही. म्हणजे तुम्ही दोघंच असाल तर तुमचाही एक तृतीयांश होतो, तो भिकेने मागायचा नाहीये, आणि आईचाही त्यात हिस्सा आहे, तिच्याकडून काय सही घेतली तेही बघा. फसवणुकीने झालेला दस्त रद्द करायला मुदत असते, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं, त्यामुळे सातबारा बघितला ती तारीख लिहून ठेवा आणि देवाच्या वेळेची वाट बघते म्हणून ही मुदत जाऊ देऊ नका. सगळं केल्यावर, तुम्हाला तुमचा हिस्सा किती हे कळल्यावर, भावाची परिस्थिती बघून तुम्ही एखादा भाग त्याला सोडलात, तर ते खरं अफिएमी होईल. कदाचित सोडणारही नाही. दोन्हीत तुम्ही ख्रिस्तीच राहता. केस टाकलीत तरी आईच्या औषधाचे पैसे देणं आणि भाचरांच्या वाढदिवसाला फोन करणं बंद करू नका, गळ्यावर हात आहे की नाही ते तुमचं तुम्हाला तिथेच कळेल.

अशीच पत्रं मला दुसऱ्याही घरांतून येतात म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. ज्या बहिणींना नवरा मारतो आणि "क्षमा कर, घरी जा" असं सांगितलं जातं, त्यांनी हे नीट ऐका: क्षमा करणं आणि त्याच घरात परत जाऊन राहणं या दोन गोष्टी आहेत. दुरून क्षमा करता येते. आधी सुरक्षित जागी जा, 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, जिवावर बेतलं असेल तर 112. आणि ज्यांचा अपराधी मरून गेलाय, ज्याच्याशी आता बोलणंच शक्य नाही, त्यांच्यासाठी मार्क 11:25 पुरे आहे, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा. पाळक आणि कमिटीवाले हे वाचत असतील तर त्यांना विनंती, सगळ्यांसमोर क्षमा करायला लावू नका. रडणं आणि मिठी बघून मंडळीला समाधान मिळतं, आणि घरी गेल्यावर ते माणूस एकटं पडतं.

आता आईबद्दल. तुम्ही विचारलंय सांगू का. तिच्या सहीचा प्रश्न आला तर वकील सांगेल तेवढं आणि तसं सांगावंच लागेल, ते टाळता येणार नाही. बाकी कुणाची बाजू खरी हे तिला ठरवायला लावू नका, ती त्याच घरात पडून आहे आणि पाणी द्यायला सून येते हे लक्षात घ्या. तिला माहीत नाही असंही समजू नका, आयांना माहीत असतं. तिने स्वतःहून विचारलं तर खोटं बोलू नका, "हो, असं झालंय, मी दादाशी बोलतेय" एवढं सांगा. आणि दादाशी बोलणं होईपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात जाऊन या. तुम्ही तिला भेटायला जाताय, त्यासाठी आधी भावाशी समेट झाला पाहिजे अशी अट कुणी घातलेली नाही.